पंपातली चामड्याची वाटी

नाशिकसारख्या गावात, मागच्या दारी पाण्यानं भरलेली विहीर असताना, माझी आत्या तहानेनं मरायला टेकली होती. आणि कारण काय, तर चामड्याची एक वाटी. तळहातावर मावेल एवढी. आजही मला ती आठवली की आधी राग येतो आणि मग बाकीचं सगळं.

ही एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली गोष्ट. वडील हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. देवळाची दारं सगळ्यांना उघडावीत असं म्हणणारे जे थोडे लोक आमच्या जातीत होते, त्यांत ते एक. पण नुसतं म्हणून गप्प बसतील तर ते आमचे वडील कसले! एका सभेनंतर ते गावाबाहेरच्या वस्तीत गेले आणि तिथल्या माणसांच्या हातचं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर बोभाटा. जातीतल्या थोरांनी निरोप पाठवला, पंचगव्य घ्या, प्रायश्चित्त करा. वडिलांनी उलट निरोप पाठवला, घेत नाही. झालं, आमच्यावर बहिष्कार पडला. भटजी उंबरा चढेनात, हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, मी सोळा वर्षांची घोडी झाले तरी एक स्थळ फिरकेना. शेवटी घरमालकानं जागा सोडायला सांगितली आणि आम्ही गावाबाहेर, मळ्यांच्या बाजूला एका नव्या घरात राहायला गेलो.

आम्ही म्हणजे तिघंच. वडील, मी आणि आत्या. माझी आई मी तान्ही असतानाच गेली होती. आत्या वडिलांची थोरली बहीण, खेळायच्या वयात लग्न झालेली आणि खेळायच्याच वयात विधवा झालेली. केस काढलेले, अंगावर लाल आलवण, सोवळं असं कडक की मांजराची सावली पडली तरी परत अंघोळ. तिनंच मला लहानाची मोठी केली. बहिष्कार पडला तेव्हा नातलग तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, "भावाला टाकून मी कुठं जाऊ?" आणि मग वडिलांकडे वळून म्हणाली, "पण प्रायश्चित्त घेईपर्यंत तुझ्या हातचं पाणी मला चालायचं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते."

वडील हसून म्हणाले, "बरं अक्का." त्या वेळी त्यांना हसता आलं.

नव्या घराला विहीर होती, पण उघडी नव्हती. बांधणाऱ्यानं ती दगडी फरशांनी चुन्यात पक्की झाकून निम्म्या विहिरीवर स्वैपाकघराची भिंत चढवली होती आणि मागच्या अंगणात हाताचा लोखंडी पंप बसवला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं म्हणतात. आमच्याकडे आडात होतं, पोहरा सोडायलाच जागा नव्हती.

वडिलांना त्या पंपाचं भारी कौतुक. आल्यागेल्याला ते दांडा हलवून दाखवायचे आणि विचारायचे, "पाणी वर कशानं आलं?" लोक म्हणायचे, पंपानं ओढलं. वडील याचीच वाट बघत असायचे. "पंप पाणी ओढत नाही! पंप फक्त नळीतली हवा काढून टाकतो. आपल्या डोक्यावर एवढी मोठी हवा आहे, ती विहिरीतल्या पाण्यावर सारखी दाबत असते. नळीत हवा होती तोवर दोन्हीकडून दाब सारखा. आतली हवा निघाली की बाहेरची हवा पाण्याला नळीत वर ढकलते. रंगपंचमीची पिचकारी तशीच भरते." मग ते पंप उघडून आतला दट्ट्या दाखवायचे. दट्ट्याला खाली चामड्याची वाटी बसवलेली असे. ती ओली झाली की फुगून नळकांड्याला घट्ट चिकटायची आणि हवेला फट मिळायची नाही. खाली नळकांड्याच्या बुडाशी, नळीच्या तोंडावर एक झडप होती, तीही चामड्याची. वर चढलेलं पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून. "आणि यालाही मर्यादा आहे बरं का," ते बोट वर करून सांगायचे. "हवा पाणी तीसेक फूट चढवेल. त्यापुढे राक्षस जरी दांड्याला लावला तरी थेंब वर यायचा नाही."

आत्यानं हे सगळं खिडकीतून ऐकलं आणि त्यातला एकच शब्द उचलला, तो म्हणजे चामडं. मेलेल्या ढोराच्या कातड्यातून आलेलं पाणी! त्या दिवसापासून पंपाचं पाणी तिनं भांडी घासायलासुद्धा घेतलं नाही. ती पहाटे उठून गंगेवर जायची. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतो. ओलेत्यानं कळशी भरून, वाटेत कुणाचा स्पर्श होऊ न देता, मैलभर चालत यायची. तिचा स्वैपाक त्या पाण्यात, तहान त्या पाण्यावर. मी म्हणायचे, "आत्या, मोटसुद्धा चामड्याचीच असते की. शेतातलं धान्य खातेस ना?" ती म्हणायची, "जमीन शुद्ध करते. माझं नरडं म्हणजे जमीन नव्हे." तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वैशाखात तिला ताप आला. विषमज्वर. वडिलांचे एक डॉक्टर मित्र होते, ते बहिष्कार न मानता यायचे. त्यांनी सांगितलं, आतडी नाजूक झालीत, फळ नको, टरबूज तर मुळीच नको, दूध पोटात ठरत नाही. "औषधानं काही व्हायचं नाही. पाणी पाजा. उकळून गार केलेलं, घोट घोट, दिवसभर. पाणी थांबलं तर मी काही करू शकणार नाही."

पहिले काही दिवस मी गंगेवर जाऊन सोवळ्यात पाणी आणलं. आत्या पीत होती, ताप टिकून होता, पण डोळ्यांत जीव होता. आणि मग एका सकाळी मला कावळा शिवला. आता चार दिवस मी बाहेरची. पाण्याला हात लावायचा नाही, आत्याच्या खोलीत जायचं नाही, मागच्या पडवीत पोतं अंथरून बसायचं. लपवायचं मनात यायच्या आत मी सवयीनं वेगळी बसले होते. मला तिथं पाहताच तिनं खिडकीतून ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. मला इतकी स्वतःची चीड आली, माझ्या अंगाची, बाई म्हणून जन्माला आल्याची.

कळशीत तळाला थोडं पाणी होतं. ते तिनं आपल्या हातानं घेत दुपारपर्यंत पुरवलं. वडील ओट्यावर कोट चढवून निघाले ते थेट घाटावर. तिथे पाणी भरणारे ब्राह्मण असतात, चार घरी गंगेची कळशी पोचवतात. वडील परत आले ते रिकाम्या हातानं. कुणी म्हणे वेळ नाही, कुणी म्हणे तुमच्या दारात पाय ठेवला तर उद्या माझं भिक्षुकीचं काम जाईल. एकानं तोंडावर सांगितलं, "मास्तर, एवढा बहिणीचा कळवळा आहे तर घ्या की प्रायश्चित्त. तासाभराचं काम."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या पोटात पाणी म्हणून गेलं ते वाण्याकडच्या नारळांतलं. नारळाला विटाळ नसतो. पण ते जुने, सुकत आलेले नारळ. कुणात घोटभर, कुणात तेवढंही नाही. वडिलांनी वाण्याकडचे सगळे नारळ संपवले. ऊन असं की कौलं तडकत होती. खिडकीतून मला आत्याचा चेहरा दिसायचा. ओठांना पापुद्रे सुटले होते, जीभ बाहेर काढून ती ओठ ओले करू बघायची आणि जीभच कोरडी. मी तिच्यापासून चार पावलांवर बसून होते आणि मला उठून तिच्या तोंडात चमचाभर पाणी घालायची मुभा नव्हती. घालायला गेले असते तर तिनं तोंड मिटून घेतलं असतं. मी ते करून पाहिलंही. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "मला बाटवून जगवू नकोस ग."

मी वडिलांवर तुटून पडले. वडिलांशी वर मान करून बोलायची रीत नव्हती, पण मला तेव्हा कसली रीत न् काय. "घ्या ना ते पंचगव्य! एक घोट घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. तुमचा विश्वास नाही ना त्याच्यावर? मग तुम्हाला काय फरक पडतो?"

ते म्हणाले, "ज्यांनी मला पाणी दिलं, त्यांना मी काय सांगू? तुमचं पाणी घाण होतं, म्हणून तोंड धुऊन आलो?"

"मग खोटं बोला. पंपातलं चामडं काढलं म्हणून सांगा. तिला कुठं कळतंय?"

"कळणार नाही. मी सांगितलं तर ती विश्वास ठेवेल आणि पिईल," ते म्हणाले. "म्हणून तर सांगता येत नाही."

मला दोघांचाही संताप आला. एकीचं सोवळं पाण्याचं, दुसऱ्याचं सोवळं शब्दाचं, आणि दोन्ही सारखीच कडक. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही भावंडं. आणि त्या पिळात एक जीव निघून चालला होता.

हे आमचं बोलणं आत्या ऐकत होती. खोलीतून तिचा आवाज आला, अगदी बारीक. "अरे, तू म्हणतोस ना, पाणी हवा ढकलते म्हणून?"

वडील खिडकीशी गेले. "हो अक्का."

"माणसाचा हात पाण्याला लागत नाही?"

"नाही लागत. मी दांडा हलवतो. पाणी हवेनं वर येतं."

"वायूला विटाळ नाही," ती म्हणाली. "मग दांडा कुणी का हलवेना. फक्त ते चामडं काढ. चामडं नसेल तर मी पंपाचं पिते."

तिच्याकडून एवढं निघणं म्हणजे डोंगर हलणं. वडिलांनी कोट फेकला आणि पंप उघडायला बसले. चामड्याच्या जागी काय घालायचं? सोवळ्यात चालेल असं पाहिजे. लोकर चालते. आत्याची जुनी धाबळी होती, सोवळ्यात नेसायची लोकरीची. तिनंच ती खिडकीतून बाहेर टाकली. वडिलांनी तिचे गोल तुकडे कापून, एकावर एक शिवून दट्ट्याला वाटी केली. खालच्या चामडी झडपेच्या जागी पितळेची चकती घासून बसवली. सगळं जोडून दांडा हलवायला घेतला.

दांडा हलका. चांगला पंप हाताला जड लागतो, कारण खाली पाणी चढत असतं. हा भातुकलीतल्यासारखा वरखाली होत होता आणि तोंडातून नुसता फस् फस् वारा. लोकरीतून हवा आरपार जात होती. वडिलांनी दट्ट्या काढला, लोकर पातळ तुपात बुडवली, परत बसवला. आता दांडा जरा जड झाला. नळीत कुठेतरी खोल गुडगुडलं. मी पडवीत उभी राहिले. वडिलांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. गुडगुड वर आली, आणखी वर आली, आणि मग खाली निघून गेली. दांडा पुन्हा हलका.

"पावसाळ्यात हे चाललं असतं," वडील धापा टाकत म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे. "पाणी वर असतं तेव्हा थोडी हवा गळली तरी भागतं. आता वैशाखात पाणी पार तळाला गेलंय. हवेला होईल तेवढी सगळी ताकद लावावी लागतेय. जराशी फट राहिली तरी संपलं."

"मग आता?"

"दट्ट्यावर वरून पाणी ओतायचं. लोकर भिजली, वर पाणी राहिलं की फट बुजेल. कोरडा पंप चालू करायचा तो असाच." ते बोलता बोलता थांबले. कारण घरात जे पाणी होतं, ते सगळं कालपरवा चामड्यातूनच आलेलं होतं. ते ओतलं की वर येणाऱ्या पाण्यात तेच मिसळणार. पाणी काढायला आधी पाणी हवं, आणि तेच तर नव्हतं! वडील पंपाला कपाळ टेकून उभे राहिले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, मोठमोठ्यानं, लहान पोरासारखं.

"रडतेस काय," आतून आत्या म्हणाली. "माझ्या देव्हाऱ्याखाली लोटी आहे बघ. काशीची."

प्रत्येक घरात असायची तशी ती तांब्याची लहान लोटी, तोंड कथलानं झाळून बंद केलेली. आत काशीच्या गंगेचं पाणी. कुणीतरी यात्रेहून आणायचं आणि ते जपून ठेवायचं एकाच क्षणासाठी. प्राण जाताना तोंडात दोन थेंब पडावेत म्हणून. आत्याकडे दागिना नव्हता, धड लुगडं नव्हतं. तिचं म्हणून जगात जे होतं ते ही लोटी.

"अक्का, ती नको," वडील म्हणाले.

"का? तुझा तर विश्वास नाही."

"तुझा आहे."

"म्हणून तर मी सांगतेय. ओत."

तिनं सरपटत जाऊन लोटी खिडकीच्या चौकटीत आणून ठेवली. त्यातच तिला धाप लागली. वडिलांनी झाळलेलं तोंड कापलं. आत केवढंसं पाणी ते. त्यांनी ते पंपाच्या तोंडात थेंब न सांडता ओतलं, आणि दांडा धरला. जड लागला. खरोखर जड. गुडगुड वर येऊ लागली, पंपाच्या पोटात पाणी वाजलं, मी हात जोडले. कुठल्या देवाला ते आठवत नाही. आणि मग पितळेच्या चकतीखालून काहीतरी सुटलं. घळघळ आवाज खाली, खाली जात विहिरीत पडला. दांडा वडिलांच्या हातात मोकळा झाला.

काशीची लोटी विहिरीत गेली होती.

वडील मट्कन फरशीवर बसले. उन्हात, डोक्यावर काही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खिडकीत तिचं डोकं गजांना टेकलेलं होतं. डोळे उघडे होते, पण ती कशाकडे बघतेय ते कळत नव्हतं. मी एकदा तिचा श्वास चालू आहे ना तेही पाहिलं.

"गंगा कुठं गेली?" तिनं विचारलं.

"विहिरीत गेली ग आत्या," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

तिनं गजाला धरून मान उचलली. "यात्रेहून आलेला माणूस गावच्या विहिरीत गंगा ओततो. कशाला ओततो?"

वडिलांनी मान वर केली. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. एक थेंब पडला तरी सगळी विहीर गंगा होते म्हणून.

"गंगेत मढी वाहतात," आत्या म्हणाली. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागत होता. "ढोरं वाहतात. कुणी म्हटलंय का, गंगा बाटली? लाव तुझं चामडं."

वडील हलेनात.

"अरे, लाव लवकर. मी मरायला भीत नाही. पण लोक म्हणतील, यानं बहिणीला पाण्यावाचून मारलं. ते मला मेल्यावरसुद्धा ऐकवणार नाही."

चामड्याची वाटी अंगणात उन्हानं कडक झाली होती. वडिलांनी ती बादलीतल्या पाण्यात दाबून धरली. भिजवल्याशिवाय बसवून उपयोग नव्हता आणि भिजायला वेळ लागत होता. तो वेळ जाता जाईना. मग दट्ट्या, मग झडप, मग वरून तांब्याभर पाणी, आणि दांडा. काही हिसक्यांत पंपाच्या तोंडातून गढूळ, मग तांबूस, मग स्वच्छ धार आली. उकळायचं राहिलं, डॉक्टरांचं सगळं राहिलं. वडिलांनी फुलपात्र भरलं आणि खिडकीच्या गजांतून आत धरलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्या हातचं तिला चालत नाही. ते फुलपात्र चौकटीवर ठेवायला लागले.

"गंगेला हात कुणाचा का असेना," आत्या म्हणाली आणि तोंड पुढे केलं.

ती प्यायली. वडील रडत होते आणि अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून आलवणावर सांडत होतं. ती म्हणाली, "नीट धर रे. केवढा मोठा झालास." मग उलटी होईल की काय म्हणून आम्ही श्वास रोखून बसलो. झाली नाही. तिनं आणखी मागितलं.

ताप उतरायला पुढे बरेच दिवस गेले, पण ती वाचली. त्यानंतर ती पंपाचंच पाणी प्यायची, मात्र कुणी "पंपाचं" म्हटलेलं तिला खपायचं नाही. वडील चिडवायचे, "अक्का, काशीपासून आपल्या मोरीपर्यंत नळ टाकलास की ग तू." ती म्हणायची, "तुझी हवा ढकलत असेल, पण आणते गंगाच." तिनं ते सोयीसाठी म्हटलं होतं की मनापासून, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मोठी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात ती गेली. तोवर बहिष्कार सैल पडला होता, नातलग येऊ लागले होते. तिला घरघर लागली तेव्हा खोलीत चार माणसं होती. तिच्या दिराच्या घरची एक म्हातारी उशाशी बसली होती, ती घाईघाईनं म्हणाली, "काशीची गंगा आहे ना ग घरात? आण, आण लवकर."

नाही म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. वडील भिंतीशी उभे होते. देवाधर्मातलं काही न मानणारा माणूस, आयुष्यभर ज्यानं खोटा शब्द काढला नाही.

"आहे," ते म्हणाले.

त्यांनी फळीवरची चांदीची वाटी घेतली, पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि मागच्या अंगणात गेले. बाहेर पंपाचा दांडा वाजायला लागला.